चार दिवसांचा अबोला एका संध्याकाळपुरता कसा करायचा

एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४. वडील रोज पिऊन यायचे, आईला मारायचे. मुलांवर हात क्वचितच उगारला. आता लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा निर्व्यसनी, शिवीगाळ नाही, सात वर्षांचा मुलगा आहे. पण नवऱ्याने जरा आवाज चढवला, किंवा तो नुसता गप्प बसला, की छातीत धडधड सुरू होते. मग एकतर तोंडाला येईल ते बोललं जातं, नाहीतर डोकं बधिर होतं आणि चार-चार दिवस अबोला. ‘मला तर कधी फारसं मारलं नव्हतं, मग हे कसलं? वडिलांना माफ केलं की सुटेल का? सुरुवात कुठून करू?’

सुरुवात माफीपासून नको, आणि जुन्या आठवणी उकरण्यापासूनही नको. आधी शरीर, मग भांडणातून परत यायची रीत, मग भूतकाळ, आणि वडिलांचं काय करायचं हे सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलटं करतात: एखादं व्याख्यान ऐकून वडिलांना फोन लावतात, रडतात, हलकं वाटतं, आणि आठवड्याभरात कुकरच्या झाकणावरून पुन्हा तेच भांडण. कारण ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे मनाने ठरवलेलं असतं, शरीराला ते कुणी कळवलेलंच नसतं.

दुसरं म्हणजे, भांडण होतं की नाही यावर प्रगती मोजू नका. भांडणं सगळ्या घरांत होतात. परत यायला किती तास लागले, ते मोजा. आज चार दिवस लागतात. ते दोन दिवसांवर, मग एका रात्रीवर, मग एका संध्याकाळवर आलं, तर तुम्ही बऱ्या होत आहात. खालचं सगळं या एका आकड्यासाठी आहे.

आता ‘मला मारलं नव्हतं’ याबद्दल. अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आन्दा यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवर १७ हजारांहून जास्त प्रौढांचा अभ्यास केला. त्याचा पहिला मोठा निबंध १९९८ साली आला. त्या यादीत ‘मुलाला मारहाण’ ही एक बाब आहे, पण ‘घरात कुणी दारू किंवा नशेच्या आहारी’ ही वेगळी आणि ‘आईला मारताना पाहणं’ ही आणखी वेगळी. म्हणजे अंगावर वळ नसले तरी हिशेबात दोन बाबी जमा होतातच. शिवाय पिणाऱ्याच्या घरातलं मूल सतत पहाऱ्यावर असतं. जिन्यावरच्या पावलांचा ठेका, चपला कशा भिरकावल्या, कडी वाजवली की दार ढकललं, यावरून आजची रात्र कशी जाणार हे त्याला आईच्याही आधी कळतं. त्या वयात त्या कसबानेच तुम्हाला वाचवलं. आज ते कसब चालूच आहे, फक्त पहारा करण्यासारखं काही उरलेलं नाही.

म्हणूनच नवऱ्याचा आवाज चढण्याइतकंच, कधी त्याहून जास्त, त्याचं गप्प बसणं तुम्हाला झोंबतं. त्या घरात गप्प बाप म्हणजे अजून न फुटलेला बाप. अशा वेळी अनेक जणी ‘काय झालं? सांग ना, काय झालं?’ करत मागे लागतात, तो शेवटी ओरडेपर्यंत. नवऱ्याला हा छळ वाटतो. तुमच्या शरीराला मात्र वाट बघत बसण्यापेक्षा एकदाचं फुटलेलं परवडतं. हे दोघांनाही माहीत झालं तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतात, तेव्हा हा परिच्छेद त्यालाही वाचायला द्या.

पुढे जाण्याआधी एक तपासणी. तुमची भीती जुनी आहे की आजची? नवरा हात उगारतो का, वस्तू फेकतो का, वाट अडवून उभा राहतो का, पैसे किंवा फोन काढून घेतो का, मुलावरून धमकावतो का? यातलं काहीही होत असेल, तर तुमचं शरीर चुकीचा भोंगा वाजवत नाही, बरोबर वाजवतंय, आणि तो बंद करायला शिकणं धोक्याचं आहे. मग हे उत्तर बाजूला ठेवा आणि महिला हेल्पलाइन १८१ वर बोला, तातडीचं असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. अशा घरात जोडप्याने एकत्र समुपदेशनाला जाऊ नये. खोलीत खरं बोललेल्या वाक्याची किंमत घरी मोजावी लागते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे तसं नाही असं धरून पुढे जातो.

शरीर: रोज दहा मिनिटं, भांडण नसताना

धोका वाटला की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठतात आणि विचार करणारा मेंदू मागे सरतो. जोडप्यांवर अनेक दशकं संशोधन करणारे जॉन गॉटमन यांचं निरीक्षण असं, की ठोके मिनिटाला साधारण शंभरच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतच नाही. आणि शरीर खाली यायला किमान वीस मिनिटं लागतात. आपल्याकडे मानसोपचारक कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत बऱ्याच वाचकांना ओळखीची आहे. ‘तो गप्प आहे म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार’ हा विचार तपासायला ती उत्तम, पण ठोके ११० असताना स्वतःशी वाद घालून काही होत नाही. आधी ठोके, मग विचार.

तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि दोन्हींना एकच औषध चालत नाही. इथेच बहुतेक सल्ले फसतात.

पहिली अवस्था पेटण्याची: धडधड, गरम कान, जबडा आवळलेला, शब्द घशाशी आलेले. इथे लांब उच्छ्वास कामाचा. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं. छाती फुगवून मोठमोठे श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि ‘श्वासाने मला जास्तच त्रास होतो’ म्हणून माणूस सगळंच सोडून देतो. श्वास साधाच, फक्त बाहेर जाताना लांब. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि अनवाणी पाय फरशीवर रोवून तळव्यांचा गारवा मोजावा. चेहऱ्यावर गार पाणी धरणं, वीस-तीस सेकंद, हाही जलद उपाय आहे. हृदयाचा आजार असेल किंवा बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर तो करू नका.

दुसरी अवस्था बधिर होण्याची: डोकं रिकामं, हातपाय जड, आवाज लांबून येतोय असं वाटणं, डोळे एका जागी खिळलेले. इथे हळू श्वास घेतला तर माणूस आणखी आत बुडतो. इथे हालचाल हवी. उठून उभ्या राहा. भिंतीला दोन्ही तळहात लावून दहा सेकंद जोर लावा, सोडा, असं तीनदा. खोलीत फिरा, गरम चहाचा कप हातात धरा. मग डोळे उघडे ठेवून पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. कुठल्याही पाच नकोत. त्या जुन्या घरात ज्या नव्हत्याच अशा घ्या: लग्नानंतर घेतलेला फ्रिज, मुलाचं दप्तर, या वर्षाचं कॅलेंडर. आपण कुठल्या घरात आणि कुठल्या सालात आहोत, ते शरीराला असं दाखवावं लागतं.

हे भांडणात पहिल्यांदा करून बघू नका. पोहायला पुरात शिकत नाहीत. रोजच्या शांत वेळी तीन-चार आठवडे झालं की मग भांडणात ते हाताशी येतं. लोक नेमकं उलट करतात, ऐन वेळी एकदा श्वास मोजतात, जमत नाही, आणि पद्धतच खोटी ठरवतात.

एक इशारा. कुणीतरी तुम्हाला दहा दिवसांच्या मौन शिबिराला जा म्हणेल. ध्यान वाईट नाही, पण जुना आघात अंगात असताना रोज तासन्‌तास डोळे मिटून शरीरावर लक्ष ठेवणं काहींना पूर्वीच्या रात्रींत परत नेतं, आणि तिथे हात धरायला ओळखीचं कुणी नसतं. हे पहिलं पाऊल नाही. झोप मात्र पहिलं पाऊल आहे. पाच तास झोपलेल्या शरीराला कुठलंच तंत्र पुरत नाही.

भांडण थांबवणं आणि अबोला, यातला फरक

अबोला आणि विश्रांती बाहेरून सारखेच दिसतात: दोन्हींत माणूस बोलत नाही. फरक एकच, विश्रांतीला परतायची वेळ ठरलेली असते. ती वेळ नसेल तर गप्प बसणं ही शिक्षा होते, आणि ज्याला शिक्षा होतेय त्याला आपली चूक काय हेही माहीत नसतं.

शांत दिवशी, शक्यतो रविवारी सकाळी चहाच्या वेळी, दोघांनी मिळून हे ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजच्या आत चिकटवा (बाहेर नको, पाहुणे वाचतात).

एक खूण ठरवा. शब्द किंवा हाताची खूण चालेल, पण उपहासाने उच्चारता येईल असा शब्द नको. खूण झाली की जो बोलतोय त्याने त्या वाक्याच्या मध्यात थांबायचं. ‘एवढं एकच ऐकून घे’ चालणार नाही; भांडण वाढवणारं वाक्य हमखास तेच असतं.

खूण करणारा स्वतःबद्दल बोलतो. ‘मी पेटलेय, मला अर्धा तास दे, साडेनऊला बोलू.’ असं म्हणा. ‘तू आता अतीच करतोयस, मी जाते’ असं म्हटलंत तर ती विश्रांती नाही, दाराआडून मारलेला शेवटचा टोला आहे. वेळ वीस मिनिटांपेक्षा कमी नको. चोवीस तासांपेक्षा जास्त नको. रात्री अकरानंतर भांडण लागलं तर थेट उद्याची वेळ द्या. ‘भांडण न मिटवता झोपू नये’ हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण अर्धवट झोपेत मिटवलेलं भांडण सकाळी दुप्पट होऊन उठतं.

त्या अर्ध्या तासात काय करता यावर सगळं अवलंबून आहे. खोलीत बसून मनातल्या मनात उरलेलं भांडण चालू ठेवलंत तर अर्ध्या तासानेही ठोके तिथेच असतात. कपड्यांच्या घड्या, भांडी, खाली जाऊन दोन चकरा, यातलं काहीतरी हातांना द्या. आईला किंवा बहिणीला फोन करून नवऱ्याची तक्रार सांगू नका, निदान त्या अर्ध्या तासात तरी नाही. तुमचं भांडण संध्याकाळी मिटतं, आईच्या मनातलं दिवाळीपर्यंत राहतं.

आणि ज्याने थांबवलं, त्यानेच परत यायचं. या नियमाला अपवाद नको. साडेनऊला जमणारच नसेल तर साडेनऊलाच येऊन सांगायचं, ‘अजून जमत नाहीये, दहाला येते.’ पिणाऱ्याच्या घरात दिलेला शब्द पाळला जात नसे. ‘उद्यापासून सोडतो’ हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल. साडेनऊ म्हणजे साडेनऊ हे दोन-तीन महिने सलग घडलं, तर तुमच्या शरीराला व्याख्यानांनी न पटलेली गोष्ट पटू लागते. उशीर होत गेला तर मात्र हा सगळा डोलारा आठवड्यात कोसळतो आणि नवऱ्याच्या दृष्टीने विश्रांती हे अबोल्याचंच नवं नाव ठरतं.

परत आल्यावरची पंधरा मिनिटं

इथे कोण बरोबर हे ठरवायचं नाही. पहिली पाच मिनिटं एक बोलतो, दुसरा फक्त ऐकतो आणि शेवटी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगतो. मग पाच मिनिटं दुसऱ्याची. शेवटची पाच मिनिटं एकाच प्रश्नाला: पुढच्या वेळी कुठली एक छोटी गोष्ट वेगळी करायची. फोनवर गजर लावा. गजर हास्यास्पद वाटतो, पण पंधराव्या मिनिटानंतर सहसा लग्नातलं जुनं मानपान निघतं.

बोलण्याची सुरुवात कशी होते यावर शेवट बराचसा ठरतो. ‘तू नेहमी असाच गप्प बसतोस’ यात नेहमी, असाच आणि तू, तिन्ही ठिणग्या आहेत. त्याऐवजी: ‘काल जेवताना तू बोलला नाहीस. मला वाटलं तू माझ्यावर चिडलायस. माझं पोट गोळा झालं. नुसतं थकला असशील तर तेवढं सांगत जा.’ घटना, माझा अर्थ, माझं शरीर, माझी मागणी. मागणी करता येण्याजोगी हवी. ‘मला समजून घे’ ही मागणी नाही, ती इच्छा आहे. तिचं उद्या सकाळी काय करायचं हे नवऱ्याला कळत नाही. ‘घरी आल्यावर डोकं दुखत असेल तर दारातच सांग’ हे कळतं.

सुरुवातीला ही वाक्यं पाठ केल्यासारखी वाटतील. असतातच. तुमच्या माहेरी हे कुणी बोलताना तुम्ही ऐकलंच नाही, तर ते आपसूक कुठून येणार? नवी भाषा शिकताना आधी घोकावंच लागतं.

नवऱ्यासाठी चार ओळी. ती बधिर झाली असेल तर मागून जाऊन हात लावू नका, समोर येऊन, थोडं अंतर ठेवून, नाव घेऊन बोला. दारात उभे राहू नका; बाहेर जायची वाट मोकळी दिसली की तिचं शरीर अर्धं शांत होतं. ‘मी काय तुझा बाप आहे का?’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी कधीच बोलू नका. गप्प बसायचं असेल तर गप्प बसण्याचं कारण सांगून बसा: ‘ऑफिसचं डोक्यात आहे, तुझ्याशी संबंध नाही, तासाभरात ठीक होईन.’ दहा सेकंदांचं काम आहे. आणि तुम्ही तिचे उपचारक नाही. तिच्या प्रत्येक रागामागे तिचं बालपण शोधू नका. काही वेळा ती चिडते कारण गॅसचा नंबर लावायचं तुम्ही खरंच विसरलेले असता.

गॉटमन यांचा आणखी एक आकडा उपयोगी आहे: टिकणाऱ्या जोडप्यांत वादाच्या वेळीही एका कडू क्षणाला साधारण पाच गोड क्षण असतात. गोड म्हणजे वाढदिवसाचा केक नव्हे. मान डोलावणं, ‘हं, खरंय’ म्हणणं, हसणं, पाण्याचा ग्लास पुढे करणं. हे मुद्दाम करा.

मुलाला काय सांगायचं

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या अभ्यासात दिसलं, की चांगल्या नात्यातही आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात ते साधारण एक-तृतीयांश वेळच. उरलेला वेळ चुकामूक होते आणि दुरुस्ती होते. मुलाला दुरुस्ती दिसली पाहिजे. त्याच्यासमोर ओरडलात तर त्याच दिवशी, झोपायच्या आधी, चार वाक्यं: ‘मी मगाशी जोरात ओरडले. तुला भीती वाटली असेल. चूक तुझी नव्हती. मी आणि बाबा बोललो, आता ठीक आहे.’ ‘पण तूही’ने सुरू होणारं पाचवं वाक्य नको. त्याच्या कुशीत रडू नका. सात वर्षांच्या मुलाने आईला सांभाळायचं, हे काम तुमच्या आईने तुम्हाला दिलं होतं का ते आठवून बघा. भांडण मुलासमोर झालं असेल तर मिटलेलंही त्याला दिसू द्या. बऱ्याच घरांत भांडण हॉलमध्ये होतं आणि समेट बंद खोलीत, त्यामुळे मुलाच्या खात्यात फक्त भांडणं जमा होतात.

भूतकाळाकडे कधी आणि कुणासोबत

वरचं सगळं दोन-तीन महिने बऱ्यापैकी जमल्यावर. काहींना पुढे काही लागतच नाही. पण त्या रात्रींची दृश्यं न बोलावता डोळ्यांपुढे येत असतील, तीच स्वप्नं पडत असतील, ठरावीक जागा किंवा वास टाळावे लागत असतील, सतत दचकायला होत असेल, आणि हे महिन्याहून जास्त चाललं असेल, तर तज्ज्ञाकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, लांबलेल्या आघातासाठी एक स्वतंत्र निदान आहे. त्यात या लक्षणांसोबत आणखी तीन गोष्टी बघतात: भावना आवरता न येणं, आपण कुचकामी आहोत अशी घट्ट समजूत, आणि नाती टिकवताना होणारी ओढाताण. तुमच्या प्रश्नात पहिली आणि तिसरी दिसते. दुसरी आहे की नाही ते तुम्हीच सांगू शकाल.

आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (जुनी आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या हलत्या बोटामागे डोळे फिरवणं), या दोन पद्धतींची शिफारस या संघटनेने २०१३ साली केली. पहिल्या प्रकारातले ठरीव उपचार साधारण ८ ते १५ सत्रांचे असतात. ईएमडीआर ही फ्रान्सीन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी विकसित केलेली पद्धत. तिचे आठ टप्पे आहेत आणि डोळे हलवण्याचा भाग चौथ्या टप्प्यात येतो. पहिल्याच भेटीत कुणी बोट हलवायला लागलं तर त्याने तयारीचे टप्पे गाळले आहेत, तिथून निघा. बालपणभर चाललेल्या आघाताला सत्रं जास्त लागतात, विशेषतः तयारीची.

तज्ज्ञ निवडताना तीन प्रश्न फोनवरच विचारा: आघातावर कुठली पद्धत वापरता, तिचं प्रशिक्षण कुठे घेतलं, पहिल्या चार-पाच भेटींत काय करणार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारायला संकोच नको. गोळ्या फक्त डॉक्टर लिहून देऊ शकतात. ‘पहिल्याच भेटीत सगळं सांगून मोकळ्या व्हा’, ‘वडिलांचे पाय धरा, सगळं सुटेल’, ‘संमोहनाने विसरलेली आठवण बाहेर काढतो’, हे ऐकलं की दुसरी भेट ठरवू नका. संमोहनात खोट्या आठवणीही खऱ्यासारख्या तयार होतात.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, यांचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. ‘मनोरुग्णालय’ या पाटीला घाबरून लोक जात नाहीत. बाह्यरुग्ण विभागात येणारे बहुतेक जण झोप आणि चिंता यांसाठीच येतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका, आजच लावा. परदेशात असाल आणि उपचार इंग्रजीत चालू असतील, तर एक युक्ती: घरात ऐकलेलं ते वाक्य, ती शिवी, सत्रात मराठीतच उच्चारा आणि मग अर्थ सांगा. भाषांतर करून सांगितलेल्या आठवणीला धग राहत नाही, आणि धग नसताना काम होत नाही.

गोळ्यांची वेळ आली तर सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीन अशा नैराश्यविरोधी गटातल्या दिल्या जातात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांबाबत मात्र डॉक्टरांना सांगा, की वडिलांना व्यसन होतं. या गोळ्या आघात बरा करत नाहीत, सवय लावतात, आणि व्यसनाची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. ही माहिती न विचारता द्यायची.

घरच्या घरी लिहिणंही चालतं, पण मापात. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या पद्धतीत सलग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं लिहायचं आणि थांबायचं. लिहिल्यानंतर तासभर उदास वाटतं, ते अपेक्षित आहे. रात्री झोपताना लिहू नका, आणि सर्वांत वाईट रात्रीपासून सुरुवात करू नका, ती तज्ज्ञासोबतच. लिहिताना बधिर व्हायला लागलात तर पेन खाली, भिंतीला हात.

वडील, माहेर आणि माफी

लिहिताना किंवा सत्रांत एक गोष्ट बहुतेकांना अचानक भेटते: बापाच्या रागाखाली आईचा राग असतो. ती सोडून का गेली नाही, मला मध्ये का घातलं, मी उभी राहिले तेव्हा ती त्याच्या बाजूने का बोलली. मार खाणाऱ्या बाईवर राग येणं लाजिरवाणं वाटतं म्हणून तो गिळला जातो, आणि गिळलेला राग नवऱ्याच्या ताटात पडतो. आईची अगतिकता आणि तुमचा राग, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

माफी ही बरं होण्याची अट नाही. काहींना ती पुढे आपोआप येते, काहींना येत नाही आणि तरी घर छान चालतं. वडिलांनी दारू सोडली असेल आणि ते अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये (दारू सोडणाऱ्यांचे गट, बारा पायऱ्यांनी चालणारे) जात असतील, तर नवव्या पायरीला ते तुमची क्षमा मागायला येतील. त्याच पायरीत अट आहे, की त्याने समोरच्याला इजा होणार असेल तर करू नये. ऐकून घेणं आणि माफ करणं वेगळं. ‘ऐकलं, मला वेळ लागेल’ एवढं उत्तर पूर्ण आहे. अजून पीत असतील तर त्यांना सोडवणं हे तुमच्या बरं होण्याच्या यादीत ठेवू नका. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून ते काम करतंय, आणि व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गट वेगळे असतात.

माहेरी जाताना परतायची वेळ जाण्याआधीच कळवा. पिण्याची वेळ संध्याकाळची असेल तर सकाळी जा, जेवण करून चारला निघा. स्वतःचं वाहन किंवा आधीच काढलेलं तिकीट हवं, ‘राहा ना आजची रात्र’ला ते उत्तर असतं. मुलाला तिथे एकटं ठेवू नका. आल्यावर पुढचे दोन दिवस घरी चिडचिड होणार हे गृहीत धरा, नवऱ्याला सांगून ठेवा, आणि त्या दोन दिवसांत पैशांचा किंवा सासरचा विषय काढू नका. भाऊबीज, घरचं लग्न, वडिलांचं आजारपण, या प्रत्येक वेळी तुमचा तासांचा आकडा वर जाईल. तो पूर्ववत व्हायला आठवडा लागला तर ती घसरण नाही.

त्यासाठी एक साधी वही. चार रकाने: तारीख, निमित्त, शरीरात किती जोर (शून्य ते दहा), परत यायला किती तास. बारा आठवडे लिहा. पहिले दोन-तीन आठवडे आकडे वाईट दिसतात, कारण आधी लक्षातच न येणारं आता लक्षात येतं. जोर तोच राहून तास कमी झाले तरी चाललं आहे. पहिले तास कमी होतात, जोर फार उशिरा. आणि शेवटचा रकाना महिनाभर रिकामा दिसला तर लगेच खूश होऊ नका, नवऱ्याला विचारा. भांडण खरंच झालं नाही की तुम्ही गिळलं, हे अशा घरात वाढलेल्या माणसाला स्वतःहून कळायला वेळ लागतो. समोरच्याला बहुतेक वेळा आधी कळतं.